मऊ हाताची सवय

मित्रांनो, माझ्या पत्र्याला पडलेला हा पोचा बुटाचा आहे. मी एक जुना गिटार सिंथेसायझर, वाजवणाऱ्याच्या पायाशी ठेवायचा चपटा डबा. गिटारवर एक खास पट्टी बसवतात. ती प्रत्येक तारेचा सूर वेगळा पकडून माझ्याकडे धाडते आणि मी त्यातून बासरी, व्हायोलिन, हवा तो आवाज काढतो.

मला ताईने निवडलं. दुकानात बाकीचे लोक कोणत्या यंत्रात जास्त आवाज आहेत ते विचारत होते. तिने फक्त तार छेडल्यावर मी किती चटकन बोलतो ते पाहिलं. घरी आणल्यावर तिने एकेक तार आधी हलकी, मग जोरात छेडून मला आपल्या हाताची सवय लावली. हे ज्याचं त्यालाच करावं लागतं. तिचा हात मऊ होता आणि आमचं छान जमलं.

तिचा धाकटा भाऊ मात्र तारा तोडणारा. बँडमध्ये त्याला 'घण' म्हणत आणि त्याला त्याचं कौतुकच होतं. एकदा कार्यक्रमासाठी त्याने ताईला न विचारता मला उचलून नेलं. माझी ओळख करून घ्यायला त्याला धीर कुठला? तो थेट तारांवर तुटून पडला. मी गांगरलो. एका सुराच्या जागी भलतेच दोन-तीन निघाले, भरल्या सभागृहात बासरी किंचाळली. ड्रमवाला हसला आणि म्हणाला, "ताईला विचारून यायचं होतंस."

घणाने गिटार मानेला धरून त्याच्या तोंडावर हाणली. दात पडले, रक्त ड्रमवर उडालं. मग तो माझ्याकडे वळला. पहिली लाथ मला बसली. प्रेक्षकांतून ताई धावत आली, मला झाकायला तिने हात घातला, आणि दुसरी लाथ त्या हातावर पडली. बोटं मोडल्याचं मी ऐकलं. मित्रांनो, माझ्यात शेकडो आवाज आहेत, तसला एकही नाही.

बोटं जुळली, पण वाकडी. अंगठा तेवढा हलायचा. मी कपाटावर धूळ खात पडलो. मग एका सकाळी ताईने मला खाली काढलं, पुसलं आणि अंगठ्याने तार छेडली. ती जेमतेम हलली. मला काही ऐकूच आलं नाही. ती माझं बटण थोडं थोडं फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा छेडत राहिली. मध्ये तिला रडू कोसळलं, तरी तिने सोडलं नाही. दुपारी मी बोललो. आवाज बारीक होता, पण सूर नेमका होता.

तेवढ्यात दारात घण आला. "ताई, तारा लावून देऊ का?" असं म्हणत त्याने एक पाऊल आत टाकलं. ताईने दचकून मला पोटाशी धरलं.

ते त्याने पाहिलं. तो तिथेच उंबऱ्यावर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

मित्रांनो, नवं वाद्य घेतलंत तर आपला हात कसा आहे, ते आधी त्याला कळू द्या. घरच्यांना तो कळलेलाच असतो.