मागच्या सीटखालचा कडक शॉकअप

मित्रांनो, संभाजीनगरात प्रणयचं गॅरेज आहे. तिथं मागच्या फळीवर पिवळ्या स्प्रिंगचा एक जुना शॉकअप धूळ खात पडलाय, तो मी. धुळीबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या आयुष्याची गोष्ट सांगताना लोक छाती पुढे काढतात, मला मात्र मान खाली घालूनच बोलावं लागणार आहे.

आधी माझं काम सांगतो. गाडीच्या प्रत्येक चाकापाशी आमच्यातला एकेक उभा असतो. चाकाला बसलेला धक्का आम्ही पोटात घ्यायचा, वर बसलेल्या माणसापर्यंत पोचू द्यायचा नाही. काम एवढंच, आणि तेवढंही माझ्याकडून झालं नाही.

कोइमतूरकडच्या एका लहानशा कारखान्यात आम्ही चार भावंडं जन्मलो. गुळगुळीत ट्रॅकवर वेगानं वळणाऱ्या गाड्यांसाठी आम्हाला घडवलं होतं, त्यामुळे स्वभाव मुळातच ताठ. माझ्या डोक्यावर एक छोटं बटण होतं. ते एका बाजूला फिरवलं की मी नरम व्हायचो, दुसऱ्या बाजूला फिरवलं की कडक. डिकी उघडली की ते हाताशी यायचं, त्याला पानासुद्धा लागत नसे.

शिवराजनं आम्हाला मागवलं. त्याची निळी, टर्बो इंजिनची गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. तिच्यातूनच तो रोज वाळूजला कामाला जायचा. गंमत म्हणजे त्याच्या कारखान्यात शॉकअपच बनतात आणि ते तपासायचं काम त्याचं. पूर्ण भार टाकून पाहिल्याशिवाय एकही नग तो पुढे जाऊ देत नसे. पण स्वतःची गाडी त्यानं कशी लावली? रविवारी सकाळी, एकट्यानं, मागची सीट रिकामी ठेवून, वर स्टेपनीही काढून! मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या मारत त्यानं माझं बटण जवळजवळ शेवटपर्यंत कडक केलं आणि गाडी दोन इंच खाली बसवली. कारखान्यात दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर याच गड्यानं त्याची खरडपट्टी काढली असती.

मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मित्रमंडळी जमायची, वाकून माझी पिवळी स्प्रिंग बघायची. "भावा, वळणावर हलत पण नाय की ही!" असं कुणी म्हटलं की मी फुगून जायचो. शिवराजची बायको मोनिका तेवढी वैतागलेली असे. "शहागंजातून अंडी आणली तर घरी येईस्तोवर आमलेट होतंय," असं ती म्हणायची. शिवराज हसायचा. मीही मनात हसायचो. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

शिवराजचे वडील तात्यासाहेब बिडकीनला राहायचे. शेती करणारा, बोलायला गोड माणूस. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन शहरात झालं आणि चौथ्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, धक्के बसू देऊ नका.

दवाखान्याच्या दारात मोनिका म्हणाली, "अहो, टॅक्सी करू या ना आज."

"घरची गाडी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील?"

"मग निदान ते बटण तरी नरम करा."

"सेटिंग बिघडतं गं. संध्याकाळी पोरं यायचीत बघायला."

एका मिनिटाचं काम होतं, मित्रांनो. डिकी तर पिशव्या ठेवायला त्यानं उघडलीच होती. हात माझ्यापासून वीतभर अंतरावर आला आणि पिशवी ठेवून परत गेला.

तात्यासाहेब मागे डाव्या बाजूला बसले, बरोबर माझ्यावर. शेजारी त्यांची बायको, आशाबाई. तिनं टॉवेलाची घडी त्यांच्या पोटाशी धरायला दिली. गाडीत चार माणसं आणि सामान भरल्यावर मला खाली जायला जागाच उरली नाही. पहिल्याच स्पीडब्रेकरला मी रबरी ठोकळ्यावर दाणकन आदळलो आणि तो दणका जसाच्या तसा वर गेला. मग दुसरा बसला, मग तिसरा. शिवराज गाडी हळू चालवत होता, नाही असं नाही. पण कडक म्हणजे कडकच. वर म्हातारा श्वास रोखून धरायचा, ते मला खालून कळायचं, आणि मला वाकता येत नव्हतं.

"तात्या, त्रास नाय ना होत?" शिवराजनं आरशात बघून विचारलं.

"नाय बाबा. लई झकास गाडी हाय."

शिवराजनं ते खरं मानलं, कारण त्याला तेच ऐकायचं होतं.

बिडकीनला सगळे उतरल्यावर आशाबाई विसरलेला टॉवेल घ्यायला परत आली. त्यावर लाल डाग होता. तिनं डाग आत जाईल अशी घडी घातली. गाडीच्या दाराशी उभे असलेले तात्यासाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "त्याला सांगू नगं. जीवाला लावून घेईल." तिनं ती घडी पदराखाली घेतली. मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

संध्याकाळी पोरं आली. माझी तारीफ झाली. मला ती ऐकवेना.

टाके काढायच्या दिवशी शिवराज वडिलांना न्यायला बिडकीनला गेला, तर दाराला कुलूप. शेजारची कडूबाई अंगण झाडत होती.

"अरं, ते तर सकाळीच गेले की एसटीनं."

"एसटीनं? मी येणार होतो ना!"

कडूबाईनं झाडू थांबवला. "बाबा, तुझ्या गाडीत एक टाका उसवला व्हता त्यांचा. इथल्याच डॉक्टरकडून बांधून घेतला. तुला नाय सांगितलं व्हय?"

शिवराज गाडीत येऊन बसला आणि कितीतरी वेळ त्यानं किल्लीच फिरवली नाही. खडखडणारी एसटी त्याच्या वडिलांना त्याच्या गाडीपेक्षा बरी वाटली होती. तो लाजेनं चूर झाला होता आणि त्याच्याइतकाच मीही.

त्याच आठवड्यात त्यानं आम्हा चौघांना काढायला लावलं. जुने, मूळचे शॉकअप परत बसले. मी गॅरेजच्या फरशीवर पडून बघत होतो. शिवराजनं तात्यासाहेबांना बोलावून घेतलं होतं. त्यांना मागच्या सीटवर बसवून तो स्वतः हळूहळू गाडी चालवत समोरच्या स्पीडब्रेकरवरून जाऊन आला. मग उतरून उघड्या दारापाशी खाली उकिडवा बसला.

"तात्या, आता खरं सांगा. त्या दिवशी दुखलं होतं ना?"

"नाय रे..." तात्यासाहेब सवयीनं म्हणाले. मग पोराचा चेहरा बघून थांबले. "दुखलं व्हतं. लई दुखलं व्हतं."

"मग बोलला का नाय?"

"तू इतका खुशीत व्हतास," म्हातारा म्हणाला. "मन नाय झालं."

शिवराजनं तिथंच वडिलांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. प्रणय उगाचच पाने आवरायला लागला.

मित्रांनो, तुमची वाहनं हौसेनं सजवा, त्यांना जपा. पण तुमच्या मागे बसलेल्या माणसालाही जपा. त्याला त्रास होतोय का, हे विचाराल तेव्हा उत्तर आधीच ठरवून विचारू नका. आपली माणसं आपल्या आनंदासाठी खोटं बोलतात. त्यांचं ते खोटं मी अंगावर तोलून पाहिलं आहे, आणि ते फार जड होतं.