न गेलेला पाहुणा

मी एक जुना लाकडी बाहुला आहे, मित्रांनो, आणि गोष्टीतला दुष्ट आहे. बेन्वे नदीच्या काठी आमच्या तिव लोकांच्या गावात क्वाघिरचा खेळ होतो. मचाणावर आम्ही बाहुले नाचतो, खाली कापडाआड बसलेला माणूस दोऱ्या ओढतो आणि आमचा आवाज काढतो. भोवती गाव गात असतं. या खेळात माझं नाव ‘गोड पाहुणा’.

आमच्या खेळवाल्या अकोसूने मला कोरलं. इतर खेळवाले दुष्टाला सुळे देतात, बटबटीत डोळे देतात. अकोसूने मला हसरं तोंड दिलं. गावातले वडीलधारे आगेरा मला उलटसुलट बघून म्हणाले, “अरे, हा तर जावई करून घ्यावा असा दिसतोय. याला कोण भिणार?”

“भिणार नाहीत, दार उघडतील,” अकोसू म्हणाला. “त्याचं काम तिथंच होतं.”

आणि तसंच होई. मी दारात येई, घरधनिणीच्या तिळाच्या कालवणाची तारीफ करी, एक रात्र टेकायला जागा मागे. मग एक कोनफळ मागे. मग दुसरं. शेवटी बेण्यासाठी राखलेली कोनफळंसुद्धा माझ्या पोटात जात. मी कधी काही हिसकावलं नाही. मी गोड बोलून मागायचो आणि समोरच्याला नाही म्हणायची लाज वाटायची. माझा सगळा दुष्टपणा त्या लाजेवर पोसलेला होता. म्हणून तर बघणारे चुळबुळायचे. मचाणावरचं घर प्रत्येकाला आपलंच वाटायचं.

खेळाच्या शेवटी सगळं गाव उभं राहून मला गाऊन घालवायचं.

पाहुण्या, पोट भरलं, ऊठ आता,
वाट उजेडात आहे, नीघ आता.

हे पालुपद कानी पडलं की अकोसू माझा जबडा मिटवायचा. त्या मिटण्यात मला केवढी शांती वाटे.

एका वर्षी पालुपदाच्या आधीच वावटळ आली. मचाण कोसळलं, माणसं पळाली, आणि मला जबडा उघडा असतानाच पेटाऱ्यात टाकलं. त्या हंगामात आगेरांचं बेणं कुजलं.

“पाहुण्याला कुणी घालवलंच नाही,” आगेरा म्हणाले. “तो गावातच मुक्काम ठोकून बसलाय.”

“मग जाळून टाका,” कुणीतरी म्हणालं.

“आपल्या घरचं जेवलाय तो. पाहुण्याला जाळतात का कुठं? पेटारा अकोसूच्या घरात बांधून ठेवा. उघडायचा नाही.”

पेटाऱ्याला दोर आवळला गेला. आत अंधार होता, माझं तोंड उघडं होतं आणि त्यात धूळ साचत होती. अर्धं वाक्य जिभेवर घेऊन मी पडून राहिलो. वाळवीने माझा डावा पाय खाल्ला. पण माझ्याहून वाईट कोंडमारा बाहेर होता. माझ्या भीतीने अकोसूच्या घरी कुणी फिरकेना. त्याची मुलगी इवेरेन रोज चार माणसांचं जास्त रांधायची आणि सांजेला ते कोंबड्यांना घालायची. अकोसू अंथरुणाला खिळला, बोलेनासा झाला. ज्या घराला पाहुणा येत नाही, ते आमच्यात जिवंतपणी पुरलेलं घर.

एका बाजाराच्या दिवशी भर दुपारी इवेरेनने दोर कापला.

“बाबा, मी गोष्ट पुरी करते,” ती म्हणाली.

तिने मला अंगणात उभं केलं. बाजारातून परतणाऱ्या बाया कुंपणाशी थांबल्या. आगेरा काठी आपटत आले. “पोरी, काय आरंभलंयस हे? आधी तो आत टाक.”

इवेरेनने माझी दोरी ओढली. किती काळाने माझा जबडा हलला. “या आगेराबाबा, बसा ना,” मी गोड आवाजात म्हणालो. “तुम्हीच तर मला इतके दिवस ठेवून घेतलंत. जा म्हणायची लाज वाटली का? बरं, बेण्यातलं एखादं कोनफळ उरलंय का घरी?”

बाया खुदकन हसल्या. एक म्हणाली, “द्या की, बाबा. एवढा आग्रह करतोय बिचारा.”

आगेरांची काठी थांबली. मग त्यांनीच आपल्या चिरक्या आवाजात धरलं, “पाहुण्या, पोट भरलं...” बायांनी ओळ उचलली. अख्खं कुंपण गाऊ लागलं. आओंदो, तो आकाशातला बापही ऐकत असावा. एवढ्यात दाराचा आधार घेत अकोसू बाहेर आला आणि त्याने स्वतःच्या हाताने माझा जबडा मिटवला.

“बरा पाहुणा होता,” तो म्हणाला. पेटारा बांधल्यापासूनचे त्याचे हे पहिलेच शब्द.

“होता,” आगेरा म्हणाले आणि हात धुवायला पाणी मागितलं. त्या दिवशी इवेरेनचं रांधलेलं कोंबड्यांना उरलं नाही.

आता मी भिंतीवरच्या खुंटीला असतो. मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, कडुनिंबाचं तेल लावा, एवढं तर मागतोच. पण आणखी एक मागतो. तुमच्या गोष्टीतल्या दुष्टाला भिऊन कोंडू नका. कोंडलेला पाहुणा कुठेच जात नाही. त्याला अंगणात आणा, त्याचं बोलणं पुरं ऐका, आणि मग सगळे मिळून त्याला घालवा.