बर्फाच्या कारखान्याचा रस्ता

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही पाचवीच्या वर्गात बसला आहात. फेब्रुवारी आहे. खिडकीबाहेर बर्फ पडतो आहे आणि त्यामागचा समुद्र राखेच्या रंगाचा झाला आहे. वर्गातला रॉकेलचा स्टोव्ह गुरगुरतो आहे. तुमच्या पाठीमागे, भिंतीला लागून, काळे सूट घातलेली मोठी माणसं रांगेत उभी आहेत. त्यांच्या पायांत शाळेच्या हिरव्या सपाता आहेत, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. कोणी हसत नाही, कोणी बोलत नाही. मागे वळून बघायचं नाही, असं तुम्हाला आधीच बजावलेलं आहे. अशा वेळी मानेला कशी खाज सुटते, बघा!

तोमोएच्या मानेलाही सुटली होती. पण ती न्हाव्याची मुलगी. मान कशी स्थिर ठेवायची हे तिला लहानपणापासून ठाऊक. ती समोर बघत राहिली, मारी बाईंकडे.

मारी बाई म्हणजे मारीवेल ओर्दोनिओ. फिलिपिन्समधल्या इलोइलोची. तिकडे ती शाळेत शिक्षिका होती. मग आमच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कात्सुजीशी लग्न करून ती इकडे आली. इथे तिची पदवी कोणी विचारली नाही. ओसाकाच्या एका कंपनीने तिला आमच्या शाळेत इंग्रजीची मदतनीस म्हणून पाठवलं. मदतनीसाने उच्चार करून दाखवायचे, चित्रांची पानं उंच धरायची, गाण्याला टाळ्या वाजवायच्या. करार एका वर्षाचा. दर मार्चमध्ये पुढचं वर्ष मिळेल का, याची वाट बघायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार नाही, म्हणून त्या दिवसांत ती बंदरावर मासळी साफ करायला जायची. असं करता करता तिचे केस पिकले.

आता गावाने दुसऱ्या, स्वस्तातल्या कंपनीशी बोलणी चालवली होती. मारीवेलपुढे एकच दार उरलं होतं. प्रांताची शिक्षण कचेरी परदेशी माणसाला क्वचित शिक्षकाचा खास परवाना देते. तो मिळाला की मदतनीसाची शिक्षिका होते आणि मग तिला कोणी मार्चमध्ये काढू शकत नाही. त्यासाठी ती कित्येक वर्षं रविवारच्या रविवार बसने शहरात शिकायला जात होती. आज कचेरीचे कुरामोची साहेब तिचा पाठ बघायला आले होते.

पाठ तिने फार विचार करून आखला होता. वर्गाच्या जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने गावाचा नकाशा काढलेला. एका मुलाने वाट चुकलेला प्रवासी व्हायचं, दुसऱ्याने त्याला इंग्रजीत रस्ता सांगायचा. मुलं अडखळणार हे तिला माहीत होतं. तेच तिला हवं होतं. मूल जिथे अडेल तिथे जाऊन उभं राहायचं, उत्तर द्यायचं नाही, एखादा शब्द हातात ठेवायचा आणि थांबायचं. तिला येत होतं ते हे. साहेबांना दाखवायचं होतं तेही हेच.

पण कोणीच अडलं नाही.

पहिला मुलगा घडाघडा बोलला. दुसरी मुलगी घडाघडा बोलली. प्रत्येक उत्तरानंतर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "तुमचा प्रवास सुखाचा होवो!" मारीवेल नकाशाच्या कडेला उभी होती. तिने दाराजवळ उभ्या असलेल्या वर्गशिक्षक इवासे सरांकडे पाहिलं. तरुण इवासे सर आनंदाने लाल झाले होते. तेव्हा तिला कळलं. सकाळच्या वाचनाच्या तासाला सरांनी मुलांकडून सगळा पाठ घोकून घेतला होता. बाईंना कळू द्यायचं नाही, बाईंना भेट द्यायची, असं ठरवून.

आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की पाठाची तालीम होते. सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच कोणी बोलत नाही. इवासे सरांना दुसरी रीत माहीतच नव्हती.

तोमोए उभी राहिली, तेवढ्यात कुरामोची साहेब मागून पुढे आले. सपाता काढून, मोजे घातलेल्या पायांनी नकाशावर उभे राहिले आणि हळू, स्पष्ट इंग्रजीत त्यांनी विचारलं की बर्फाच्या कारखान्याकडे कसं जायचं?

तोमोएचे आजोबा बर्फाच्या कारखान्यात कामाला. ती रोज त्यांचा डबा तिकडे पोचवायची. पण तिने पाठ केला होता तो पोस्टाचा रस्ता.

"सरळ जा," ती इंग्रजीत म्हणाली, "दुसऱ्या कोपऱ्यावर डावीकडे वळा. पोस्ट तुमच्या उजव्या हाताला आहे."

साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तोमोएने तेच उत्तर पुन्हा दिलं, अधिक मोठ्याने, अधिक गोड आवाजात, आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

"तुमचा प्रवास सुखाचा होवो!" वर्ग गर्जला.

एक शब्द पुरला असता. तोमोएचा हात धरून तिला नकाशावर चार पावलं चालवलं असतं, तरी पुरलं असतं. पण मारीवेल जागची हलली नाही. ती टाळ्या वाजवत उभी राहिली.

पाठानंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे चहाला बसले.

"पाठ देखणा झाला, बाई," कुरामोची साहेब म्हणाले. आवाज प्रेमळ होता. "मुलांना वळण चांगलं आहे. पण एकही मूल अडलं नाही. मग तुम्ही शिकवलंत कुठे?"

इवासे सरांनी हातातला पेला खाली ठेवला. "साहेब, ते म्हणजे... मुलांनी आधीच..."

मुख्याध्यापक मोठ्याने खोकले. "इवासे सर, साहेबांना अजून थोडा चहा द्या हो. गार झाला असेल."

इवासे सर उठले. चहा ओतला. परत बसले ते मान खाली घालून.

मारीवेलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मुख्याध्यापकांकडे. मग ती उभी राहून वाकली. "माझं चुकलं, साहेब. मुलांचं नाही."

"छे छे, चूक कसली," साहेब म्हणाले आणि त्यांनी आपली बॅग जवळ ओढली.

दुपारी सफाईची वेळ झाली. मुलं ओल्या फडक्यांवर हात टेकून, ढुंगणं वर करून, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. मारीवेल बादलीत फडकी पिळत होती. तोमोए तिच्यापाशी येऊन घसरत थांबली.

"मारी बाई! कसं झालं? मी एकदाही थांबले नाही!"

"खरंच नाही थांबलीस."

"साहेब खूश झाले?"

"तुम्हाला चांगलं वळण आहे, म्हणाले."

मागून शिंगो नावाचा मुलगा धापा टाकत आला. "वळण कसलं! बिचारा बर्फाच्या कारखान्याला निघाला होता, हिने त्याला पोस्टात नेऊन बसवला! अजून तिथेच तिकिटं चाटत बसला असेल!"

सगळे खो खो हसले. तोमोएही हसली. मग तिचं हसणं थांबलं.

"बर्फाचा कारखाना विचारला होता त्यांनी?"

"मग काय! दोनदा!"

तोमोएने फडकं उचललं, उलटं केलं, पुन्हा जमिनीवर ठेवलं. पण ती पळाली नाही. आधीच पुसलेली एकच फरशी ती कितीतरी वेळ पुसत बसली.

संध्याकाळी बूट ठेवायच्या कपाटापाशी इवासे सर मारीवेलची वाट बघत उभे होते.

"मारी बाई, मला वाटलं तुम्हाला मदत होईल. देवाशप्पथ."

"ठाऊक आहे मला."

"मी उद्या साहेबांना फोन करतो. सगळं सांगतो."

"नका करू. तुमचं इथलं दुसरंच वर्ष आहे. आधी मुख्याध्यापकांचं नाव खराब होईल, मग तुमचं."

"पण तुमचं काय?"

मारीवेलने वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या. इवासे सरांनी फोन केला नाही. आतून त्यांना सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली, असं त्यांच्या चेहऱ्यावर पुढे बरेच दिवस दिसत होतं.

घरी कात्सुजीने भाताची पेज करून ठेवली होती. त्याची पाठ धरलेली, म्हणून तो जमिनीवर आडवा पडूनच बोलत होता.

"काय म्हणाले तुझे साहेब?"

"कळवतो म्हणाले."

"कळवतो म्हणजे नाही. अगं, माझं पहिलं स्थळ अजून कळवतंयच!"

ती हसली नाही. मग तो कुशीवर वळला आणि त्याने पेजेची वाटी तिच्याकडे सरकवली. "खा गं. गार होईल."

कचेरीचा नकार दोन आठवड्यांनी आला. त्याच आठवड्यात कंपनीचाही फोन आला. बोलणारी मुलगी फार नम्र होती. गावाचं काम दुसरीकडे गेलं आहे, एकतीस मार्चला करार संपेल, इतकी वर्षं दिलीत त्याबद्दल आभार. "आणि बाई, एक विनंती. मुलांना काही सांगू नका हं. त्यांची मनं दुखावतात."

मारीवेलने दुसरं काम शोधलं. खाजगी शिकवण्यांच्या शाळेत त्यांना तरुण माणूस हवा होता, तोही अमेरिकेचा. हॉटेलात रात्रपाळी होती, पण पाठीमुळे कात्सुजीला रात्री हात देऊन उठवायला कोणीतरी घरात हवं. शेवटी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात तिला बोलावणं आलं. तिथल्या ओकिमुरा बाईंनी तिचे दोन्ही हात हातांत घेतले.

"अगंबाई, कसे ऊबदार हात! तुमच्या देशातल्या बायका मुळातच मायाळू, नाही का?"

"मी शिक्षिका आहे," मारीवेल म्हणाली.

"होतात, होतात. चांगलंच आहे की! आमच्या आज्यांचा टाळ्यांचा खेळ असतो दुपारी. तुम्हाला काही नवीन शिकावंच लागणार नाही."

शेजारच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांचा एक गोल बसला होता. एक मुलगी चित्रांची पानं उंच धरून विचारत होती, "हे काय आहे? सफरचंद! शाब्बास!" मारीवेल दारात उभी राहून बघत राहिली. पहिले सहा महिने कामाचं शिक्षण आणि तोवर हुद्दा मदतनीसाचा, असं ओकिमुरा बाई मागून सांगत होत्या. मारीवेल हो म्हणाली.

आमचं गाव लहान. कात्सुजी केस कापायला गेला की बोलतो, आणि न्हाव्याच्या दुकानात वरच्या जिन्यावर बसून तोमोए ऐकते. शाळेच्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात, मार्चमध्ये, मारीवेल वर्गातली चित्रं भिंतीवरून काढत होती. तोमोए आत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"मारी बाई, तुम्ही जाणार?"

मारीवेलने टाचणी काढली. "कोण म्हणालं?"

"आम्ही पाठ केलं, म्हणून?"

"नाही."

"मग साहेबांना परत बोलवा ना. या वेळी आम्ही काहीच पाठ करणार नाही. सगळे चुकू. शिंगोला तर मुद्दाम चुकायचीसुद्धा गरज नाही."

मारीवेलने चित्रं छातीशी धरली. मुलांना काही सांगायचं नव्हतं. तिने इतकंच विचारलं, "बर्फाच्या कारखान्याला कसं जायचं गं?"

तोमोएने तोंड उघडलं. अडखळली. हातवारे केले. बंदराला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला आठवेना. मारीवेल तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि थांबली. बऱ्याच वेळाने तोमोएला शब्द सापडला. मोडकंतोडकं, पण तिने मारीवेलला थेट कारखान्याच्या दारापर्यंत पोचवलं.

बघायला कोणी नव्हतं. पाठीमागची भिंत रिकामी होती.

मार्च संपता संपता आमच्याकडे निरोपाचा कार्यक्रम होतो. बदली झालेले शिक्षक व्यायामशाळेच्या मंचावर खुर्च्यांवर बसतात, मुख्याध्यापक एकेकाचं नाव घेतात, मुलं फुलं देतात. त्या वर्षी तिघे जाणार होते. तिघांची नावं झाली, तिघांना फुलं मिळाली, संगीताच्या बाई रडल्या. मारीवेल शाळेची नव्हती, कंपनीची होती. तिचं नाव कुठल्याच कागदावर येत नव्हतं. ती मागच्या दाराजवळ, थंड भिंतीला टेकून उभी होती आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

कार्यक्रम संपला. पाचवीची मुलं खुर्च्या मिटून मंचाखालच्या कप्प्यात नेऊ लागली. मोठा खणखणाट सुरू झाला. पाहुणे निघून गेले होते. मंचावरच्या खुर्च्या तोमोएच्या वाट्याला आल्या होत्या. दोन तिने नेऊन ठेवल्या. तिसरी मात्र ती उलट्या दिशेला, सबंध व्यायामशाळा ओलांडून घेऊन आली. मारीवेलसमोर तिने ती उघडली, भिंतीशी सरळ लावली आणि म्हणाली, "बसा, बाई."

"अगं, आवरायचंय ना?"

"बसा."

मारीवेल बसली. हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून, मंचावर बसतात तशी.

तेवढ्यात पुढून उपमुख्याध्यापकांची हाक आली. "एक खुर्ची कमी आहे रे! कोणाकडे राहिली?"

मुलं इकडेतिकडे बघू लागली. तोमोए वळली, मारीवेलकडे पाठ करून तिच्या पुढ्यात उभी राहिली आणि खुर्ची झाकली जावी म्हणून तिने आपले दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरले.