काटा हलतो त्याचा खुलासा

पाणी सत्यासारखं असतं, कुणाच्या हुकमाने वाहत नाही. धुळ्याजवळच्या त्या नगरपालिकेच्या रजिस्टरात मात्र ते अकरा वर्षं दर तासाला चार पॉइंट दोन दाबानेच वाहत होतं. पंपावरचा माणूस पाळीवर आला की आधी दिवसभराचे आकडे भरून टाकी, मग चहा.

पंपावर नव्याने लागलेल्या कुंदाबाईंना ही रीत जमली नाही. त्या दाबाच्या काट्यासमोर स्टूल टाकून बसत. काटा चढे, थरथरे आणि परत फिरे. जिथून फिरला तो आकडा त्या लिहून ठेवत. रकाना पुरला नाही तर समासात. सहा महिन्यांत ‘अनियमित नोंदी’बद्दल मेमो आला. आकडे चुकले अशी सही करायची, नाहीतर पंप सोडायचा.

“करून टाका सही,” अभियंता हितेंद्र म्हणाले. “बाकी तिघांचे आकडे बघा, कसे शिस्तीत आहेत.”

“काटा हालस साहेब. मी नही.”

धुळ्याच्या कॉलेजात गणित शिकणारी ऋतिका त्याच दिवशी अभ्यासासाठी रजिस्टरं बघायला आली होती. तिघांची तिने मिनिटभरात मिटली. कुंदाबाईंचं घेऊन मात्र दुपारभर लॅपटॉपवर बसली. एक आकडा आडव्या अक्षावर, त्याच्या पुढचा उभ्या अक्षावर, असे ठिपके देत गेली.

“साहेब, आकडे मनचे असते तर ठिपके बाजरी सांडल्यासारखे पसरले असते. हे एका कमानीवर बसलेत. वेडंवाकडं दिसतं, पण आत नियम आहे. याला केऑस म्हणतात. बहुधा पंपाचा व्हॉल्व्ह नीट बसत नसल्यामुळे.”

“म्हणजे अकरा वर्षं व्हॉल्व्ह बिघडलेला होता, असं वर कळवू?”

कुंदाबाईंची नजर काट्यावर होती. “आते चार पॉइंट सहाला फिरी.”

फिरला.

“आते तीन पॉइंट नऊ.”

तिथेच फिरला.

“बरं, इथून दहावा सांगा,” हितेंद्र म्हणाले.

“दहावा सांगू लागली, तर मंग मी बी घरून रजिस्टर भरनारी झाली.”

“केऑसचं हेच लक्षण आहे,” ऋतिका म्हणाली. “पुढचा सांगता येतो, लांबचा नाही.”

हितेंद्रांनी मेमो पुढे सरकवला. कुंदाबाईंनी पेन घेतलं, काट्याकडे पाहिलं आणि सहीच्या जागी त्या क्षणाचा आकडा लिहिला, वेळेसकट.

व्हॉल्व्ह कुणी उघडून पाहिला नाही. महिन्याभरात कुंदाबाईंची बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली.