रिकाम्या खुर्चीचा रोग

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काचेच्या गोळ्यात जांभळी ज्योत जळत होती. ना तेल, ना वात. समोर रोगी बसला की महाराज त्याच्या डोक्यावर हात ठेवत, ज्योत हळूहळू मंदावे आणि लोक हात जोडत. जितकी ज्योत उतरली तितका रोग उतरला, असा सरळ हिशेब.

"गोळ्या-सुया म्हणजे शरीराला दिलेली लाच, बाळांनो," महाराजांचा आवाज मधात बुडवलेला. "लाच बंद करा, शरीर सरळ वागेल."

थोरली कडेला उभी होती. प्रयोगशाळेत विरळ वायूला विजेचे ठोके द्यायचे, तो पेटला की बारीक तारेनं ते ठोके मोजायचे, हे तिचं रोजचं काम. शेजारी धाकट्या बहिणीच्या मांडीवर भाची निपचित पडली होती. महाराजांच्या शब्दावर तिची इन्सुलिनची सुई बंद झाली होती. श्वास भराभर चालला होता, तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता.

"आधी दवाखान्यात चल गं."

"काल फोनवर सांगितलंय, ताई. तुझ्या तारेनं हे खोटं ठरव, सुई देते. नाहीतर गप्प बस."

"तार आणलीये."

भाचीची पाळी आली. धाकटी तिला घेऊन मंचावरच्या खुर्चीत बसली; थोरलीही सोबत चढली. इथे तार वायूत घालता येणार नव्हती, म्हणून तिनं ती काचेलगत धरली.

"मोजा, ताई, मोजा," महाराज हसले. "कृपा तारेत मावते का बघू." लोकही हसले.

तारेला जोडलेल्या, हातातल्या छोट्या पडद्यावर सुळके उमटले. ज्योत अखंड नव्हतीच; ठोके इतके झटपट पडत होते की डोळ्यांना ती सलग वाटे. महाराजांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. ज्योत मंदावली. सुळके मात्र तेवढेच उंच राहिले, फक्त त्यांच्यातली फट वाढली. ठोके कुणीतरी विरळ करत होतं. थोरलीची नजर खाली गेली. आसनाच्या गादीवर महाराजांच्या पायाचा अंगठा दाबलेला होता.

तिनं मायलेकींना खाली उतरवलं. "आता या रिकाम्या खुर्चीचा रोग काढा, महाराज."

"संशयापुढे ज्योत बोलत नाही."

"मग मी तिला बोलतं करते." तिनं गादीची कड उचलली आणि खालचा खटका हातानं दाबला. रिकाम्या खुर्चीपुढे ज्योत आज्ञाधारकपणे मंदावली.

"खुर्ची बरी झाली म्हणायची," पुढच्या रांगेतला एकजण पुटपुटला. या वेळी कुणी हसलं नाही.

धाकटी पोरीला उचलून धावत सुटली. डॉक्टरांनी शर्थ केली, पण उशीर झाला होता. पोरीनं डोळे उघडले नाहीत.

"ताई, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं गं, मंदावताना."

"मंदावली होतीच," थोरलीनं तिला जवळ घेतलं. "कशानं, ते विचारायचं राहिलं."

तेवढं आपण विचारावं. देवाचं नाव घ्यावं, नेम पाळावेत. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण चमत्कार दिसला की त्यामागचा हात शोधावा, पाय शोधावा. आणि तो सापडो वा न सापडो, लेकराचं औषध एक वेळही चुकवू नये.