कॅबिनेटला शिवलेला झगा

मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट बोलतोय. कॉम्प्युटर नव्हे, तो माझ्या पोटात असतो आणि सगळं कौतुक त्याचंच होतं. मी नुसता बाहेरचा डबा. डबा म्हटलेलं मला चालतं. खोकं म्हटलेलं मात्र चालत नाही, कारण खोकं पुठ्ठ्याचं असतं आणि माझा पत्रा चांगला जाड आहे.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. त्या गाळ्यात एरवी विजेच्या मीटरच्या पेट्या बनायच्या. मरोळला कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या ग्लेनरॉयने तिथे येऊन बारा कॅबिनेटची ऑर्डर दिली, तेव्हा पत्रा वाकवणारे शिवदास म्हणाले, "मला मीटरची पेटी येते. कॉम्प्युटरचं काय ते मला माहीत नाही."

"पेटीसारखंच बनवा," ग्लेनरॉय म्हणाला. "फक्त आतला आवाज बाहेर आला नाही पाहिजे."

शिवदासांनी शब्द पाळला. जाड पत्रा घेतला, दोन्ही बाजूंना आतून फोमचं अस्तर लावलं, पुढे बंद दरवाजा ठेवला आणि मागे व डोक्यावर जाळी पाडली. त्या जाळ्यांमागे दोन मोठे पंखे बसवले. लहान पंखा गरागरा पळतो आणि बोंब मारतो. मोठा सावकाश फिरतो आणि तेवढीच हवा देतो. घरातल्या मोठ्यांबद्दल असं म्हणता येत नाही, पण पंख्यांच्या बाबतीत ते खरं आहे.

आम्हा बारांपैकी अकरा जण महिन्याभरात अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये गेले. तिथे एडिटिंग करणाऱ्यांना शांत मशीन लागतं. मी मागे राहिलो, कारण माझ्या एका कोपऱ्यावर रंगाचा ओघळ आला होता. मग चौदा महिने मी दुकानाच्या खालच्या फळीवर बसून होतो. वरच्या फळीवर काचेची कॅबिनेटं होती, लाल-निळ्या लाइटवाली. गिऱ्हाईक यायचं, त्या लाइटांचा फोटो काढायचं, मला उचलून बघायचं आणि "बाप रे, जड आहे" म्हणून खाली ठेवायचं. मला त्या काचवाल्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मग एका रविवारी अक्षता आली. सोबत तिचा नवरा नितेश होता. घाटकोपरच्या भटवाडीतून ती दोघं मेट्रोने आली होती आणि घरातलं जुनं मशीन चादरीत बांधून आणलं होतं. ग्लेनरॉयने ते चालू केलं मात्र, गिरणी सुरू झाल्यासारखं वाटलं. बाजूचा पत्रा थरथरत होता. तो थरथरू नये म्हणून त्यात वर्तमानपत्राची घडी खोचलेली होती.

"कॅबिनेट पाहिजे," अक्षता म्हणाली. "दिसायला कसंही असू दे. आवाज नको. आणि अडीच हजाराच्या वर जायचं नाही."

तिने कारणही सांगितलं. आठ वर्षं ती एका क्लासमध्ये शिकवत होती. क्लास बंद पडला आणि त्याच सुमाराला सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून तिला घर सोडता येईना. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी एक संस्था आहे. ते काम घरबसल्या करता येतं, वर्षभर पुरतं. पण आधी नमुन्याचा एक धडा पाठवायचा असतो आणि त्याला तीनच संधी मिळतात. तिचा पहिला नमुना परत आला होता. वाचन उत्तम, मागे घरघर फार, असं त्यावर लिहिलं होतं.

"मग काच नको घेऊस," ग्लेनरॉय लगेच म्हणाला. "अडीच हजारात काच आणि लाइट घेतलंस ना, तर पत्रा पापडासारखा येतो. ते पैसे पत्र्यात टाक."

"अरे पण दिसायला तरी झकास पाहिजे ना यार," नितेश म्हणाला. त्याचं सगळं लक्ष वरच्या फळीवर होतं.

अक्षताने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बाजारात माठ घेताना बायका बोटाच्या पेराने वाजवून बघतात, तशी ती एकेक कॅबिनेट वाजवत गेली. टण. टण. टणण. शेवटी ती खाली वाकली आणि माझ्या कुशीवर टकटक केलं. ठप. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा ठप. चौदा महिन्यांत मला कुणी हात लावून काही विचारलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"ओघळ आहे त्याला," ग्लेनरॉयने प्रामाणिकपणे सांगितलं. "म्हणून दोनशे कमी दे."

जुन्या मशीनमधलं सगळं सामान त्याने माझ्यात बसवलं. ती दोघं निघताना म्हणाला, "मागे हातभर जागा सोडा आणि वरची जाळी मोकळी ठेवा. याला श्वास घेता आला पाहिजे." अक्षता तेव्हा बाहेर रिक्षा थांबवत होती. हे ऐकायला होता तो नितेश, आणि त्याचा एक डोळा अजून लाल-निळ्या लाइटांवर होता. त्याने मान हलवली. माणसं मान हलवतात म्हणजे ऐकतात असा तेव्हा माझा समज होता.

भटवाडीतलं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल, त्याच्या शेजारी लाकडी पाटावर माझी जागा. अक्षताने मला चालू केलं, मग वाकून कान लावला आणि म्हणाली, "आई, चालू आहे का बघा हो हे."

आई म्हणजे जानकीबाई, तिच्या सासूबाई. मालवणकडच्या. गिरणीत कामावर असताना वारलेल्या नवऱ्यामागे संसार त्यांनी एकटीने ओढला होता आणि आपली चूक झाली असं त्या आजवर कुणापुढे म्हणाल्या नव्हत्या. हे मला नितेशच्या बोलण्यातून कळलं, अर्थात त्या घरात नसताना.

जानकीबाई वॉकर घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं. "बरो आसा डबो," म्हणाल्या. "पण धूळ बसतली ह्येच्यार."

त्या घरात धुळीला फार भितात. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, रिमोट तर प्लास्टिकमध्ये बांधलेला. अक्षता बाजारात गेली होती तेवढ्यात जानकीबाईंनी माझं माप घेतलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्या शिलाई मशीनवर बसल्या. आपल्या जुन्या जांभळ्या साडीचा झगा शिवला, खाली झालर लावली, पुढे बटणासाठी भोक ठेवलं, मागे वायरींपुरती चीर दिली आणि मला डोक्यावरून घातला. अक्षता परत आली. सासूबाई इतक्या दिवसांनी मशीनवर बसल्या याचाच तिला आनंद झाला. ती म्हणाली, "छान झालाय हो, आई."

आता मी माझ्याबद्दल खरं सांगतो. मलाही तो आवडला होता. रंगाचा ओघळ झाकला गेला. कुणीतरी माझं माप घेऊन मला कपडा शिवला, एवढ्यानेच मी फुगलो. माझ्या दोन्ही जाळ्या बंद झाल्यात हे मला कळत होतं, पण म्हटलं निभावून नेऊ.

दुसऱ्या दिवशी अक्षताने दुसरा नमुना वाचायला घेतला. पहिली वीस मिनिटं मी गप्प होतो. मग माझ्या पोटात ऊब साचायला लागली. बाहेर जायला वाट नव्हती. पंखे जोर करू लागले, मग आणखी जोर. पुढची दहा मिनिटं मी नुसता घुमत होतो आणि अक्षता वाचनात रंगून गेली होती. नंतर तिने रेकॉर्डिंगची सुरुवात तेवढी ऐकली, छान वाटली, पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. वाचन उत्तम, शेवटच्या भागात मागे घरघर फार. आता एकच संधी, आणि ती गुरुवारपर्यंत.

अक्षता पिठाचे हात तसेच घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसून राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या एका कामासाठी मला घेतलं, तेच मी बिघडवलं होतं. आणि बिघडवलं कसं ते सांगायला मला तोंड नव्हतं.

रात्री नितेश म्हणाला, "वाट लावली या डब्याने. परत देऊन टाकू." अक्षताने ग्लेनरॉयला फोन लावला. सगळं नीट लावलंय का, असं त्याने विचारलं. ती हो म्हणाली. मग तो म्हणाला, "ठीक आहे, बुधवारी घेऊन ये. बदलून देतो, टेन्शन घेऊ नकोस." खालच्या फळीची ती जागा माझ्या डोळ्यांसमोर आली.

बुधवारी सकाळी जानकीबाईंनी माझा झगा काढला. "दुकानात मळको कसो पाठवचो," असं म्हणत त्यांनी तो धुऊन गॅलरीत वाळत घातला. अक्षताने मला शेवटचं चालू केलं, कारण आतलं तिचं सगळं काम पेन ड्राइव्हवर घ्यायचं होतं. त्याला तासभर लागणार होता. जानकीबाई जवळच खुर्चीत लसूण सोलत बसल्या.

अर्धा तास झाला. जानकीबाईंचे हात थांबले.

"अगे अक्षता, ह्येचो आवाज खंय गेलो?"

अक्षता आतून आली. दोघी ऐकत उभ्या राहिल्या. खिडकीबाहेर कुणी बाइक पुसत होतं तेवढा फडक्याचा आवाज येत होता, माझा नाही.

जानकीबाई हुशार बाई. त्या उठल्या, दोरीवरचा टॉवेल घेतला आणि माझ्या डोक्यावर व पाठीवर ओढला. मग दोघी बसून राहिल्या. माझ्या पोटात पुन्हा ऊब साचली, पंख्यांनी जोर धरला आणि मी घुमायला लागलो. जानकीबाईंनी टॉवेल काढला. वरच्या जाळीवर तळहात धरला. गरम झळ लागली तसा हात मागे घेतला, पुन्हा धरला. दोन-चार मिनिटांत मी शांत झालो.

जानकीबाई त्या टॉवेलची घडी घालत होत्या, उलगडत होत्या आणि परत घालत होत्या. त्या म्हातारीची मला इतकी दया आली की वाटलं, माझी घरघर होती तेच बरं होतं.

"मी ग्लेनरॉयला फोन करते," अक्षता म्हणाली. "येत नाही म्हणून सांगते." एवढंच. झग्याचा तिने शब्द काढला नाही. फोनवर ग्लेनरॉय म्हणाला, की वरची जाळी मोकळी ठेवायची हे त्याने नितेशला सांगितलं होतं. संध्याकाळी नितेशला विचारलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, "हो, बोलला होता काहीतरी."

गुरुवारी सकाळी अक्षता तिसऱ्या नमुन्याला बसली. जानकीबाईंनी स्वतः टीव्ही बंद केला, फ्रिजचं बटण बंद केलं आणि वॉकर घेऊन बाहेर गॅलरीत जाऊन स्टुलावर बसल्या. गुडघा ठणकत असणार. शेजारीण बोलायला आली, तिला त्यांनी हातानेच परत पाठवलं. खालून भंगारवाला ओरडत आला, त्याला वरून असं काही बघितलं की तो पुढच्या गल्लीत जाऊन ओरडला. पस्तीस मिनिटं वाचन चाललं. मी माझ्या दोन्ही पंख्यांनी सावकाश श्वास घेत होतो. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा मला कळलं की मी केवढा घाबरलेलो होतो.

सोमवारी दुपारी संस्थेतून फोन आला. अक्षताचे हात ओले होते म्हणून तिने स्पीकर लावला. बोलणाऱ्याने सिद्धेश असं नाव सांगितलं. आलेले सगळे नमुने तोच ऐकतो. त्याला स्वतःला दिसत नाही, म्हणून कान फार तयार आहेत.

"तुमचा नमुना घेतलाय, मॅडम," तो म्हणाला. "पुस्तक याच आठवड्यात पाठवतो. एक विचारू का? मागच्या वेळी सुरुवात स्वच्छ होती, मग मध्येच विमान उडाल्यासारखं झालं. काय होतं ते?"

अक्षताने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "काही नाही हो," ती म्हणाली. "मशीन लावण्यात माझीच चूक झाली होती."

वॉकर टेकल्याचा आवाज आला. जानकीबाई आल्या आणि फोनजवळ वाकल्या.

"नाय हो," त्या मोठ्याने म्हणाल्या. "सुनेची चूक नाय. चूक माझी. त्या डब्याक मियाच झगो शिवललो."

मग सिद्धेश म्हणाला, "काकू, माझ्या आईने माझ्या रेडिओला शिवला होता. काढू देत नाही अजून."

जानकीबाई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. अक्षताने ओल्या हातांनीच त्यांना धरलं. माझ्या आत सगळं हलकं झालं. त्या घरात मी राहणार, हे तर होतंच. पण ज्या बाईने मला गुदमरवलं तिच्यावर माझा जीव जडला तो त्या दुपारी.

आता त्या गोष्टीला आठ महिने झाले. अक्षता सध्या सातवीचा भूगोल वाचतेय. माझ्या डोक्यावर धूळ बसते आणि दर शनिवारी जानकीबाई ती कोरड्या फडक्याने पुसतात, ओघळाच्या कोपऱ्यावर जरा जास्त वेळ. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला झाकून ठेवू नका, त्याच्या मागे हातभर जागा सोडा. आणि नवीन घ्यायला जाल तेव्हा डोळ्यांनी निवडू नका, बोटाने वाजवून बघा. एवढीच माझी विनंती.

परवा सिद्धेशचा पुन्हा फोन आला होता. कोकणातल्या एका शाळेतली मुलगी अक्षताचे धडे दोन-दोनदा ऐकते म्हणे, आणि वाचणाऱ्या बाई अगदी शेजारी बसल्यात असं वाटतं म्हणाली. बाईंच्या शेजारी मी बसलेला असतो, हे तिला कधी कळणार नाही. नाही कळलं म्हणजेच माझं काम नीट चाललंय.