तिसरा नंबर

कमळबाईंनी फळ्यावर ‘किमान अध्ययन क्षमता’ असं लिहिलं, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि पुसून टाकलं. मग ‘नवीन मूल्यमापन’ लिहिलं, तेही पुसलं. तिसऱ्या वेळी नुसतं ‘मुलाला काय काय येतं’ एवढंच लिहून त्यांनी खडू ठेवला. बाहेर व्हरांड्यात चपला वाजायला लागल्या होत्या.

शुक्रवार होता. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, म्हणून पालकांची सभा शुक्रवारी, दुपारच्या नमाजनंतर चार वाजता ठेवलेली. कामतघरच्या चाळींमागच्या या चार खोल्यांच्या शाळेत एरवी आवाज चढवूनच शिकवावं लागे, कारण भिंतीपलीकडे दिवसभर लूमची खटखट चाले. आज सगळं गप्प होतं आणि त्या शांततेत बाईंना स्वतःच्या बांगड्यांचा आवाजही नकोसा होत होता.

टेबलावर चौथीची त्रेचाळीस प्रगतिपत्रकं होती. जूनपासून सगळं बदललं होतं. मार्क गेले, नंबर गेला, पास-नापास गेलं. त्याऐवजी प्रत्येक विषयाखाली लहान लहान ओळी आल्या. ऐकून सांगता येतं, पाहून लिहिता येतं, न शिकवलेला उतारा वाचता येतो. जे येतं त्यापुढच्या रकान्यात खूण करायची, जे येत नाही तिथे जागा मोकळी सोडायची आणि ते पुन्हा शिकवायचं. प्रशिक्षणात हे ऐकताना बाईंना बरं वाटलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी एकेका मुलाला टेबलापाशी बोलावून वाचायला लावलं. वनिता भोईर आली, तेव्हा तिला कार्ड देताना बाईंचं अर्धं लक्ष खिडकीकडे होतं. दुसरीपासून ती त्यांच्याच वर्गात होती. दुसरीत तिसरा नंबर, तिसरीतही तिसरा. कार्डावर मिठागरात काम करणाऱ्या एका माणसाचा उतारा होता. वनितानं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि स्वच्छ, ठणठणीत आवाजात गेल्या वर्षीच्या पुस्तकातला खारीचा धडा म्हणायला सुरुवात केली. बोट ओळीखालून बरोबर सरकत होतं. कार्ड संपलं तरी धडा संपला नाही, तेव्हा तिनं बोट उचलून पुन्हा वर, पहिल्या ओळीवर नेलं आणि म्हणत राहिली.

बाईंनी तिला थांबवलं नाही. धडा पुरा होईपर्यंत त्या तिच्या बोटाकडे पाहत बसल्या.

परीक्षेच्या आधी त्या दरवर्षी प्रश्न आणि उत्तरं फळ्यावर लिहून देत. सगळेच शिक्षक देत. वनिता ती उतरवून घेई आणि चित्र काढावं तशी पाठ करी. प्रश्न कोणता, ते ती पहिल्या शब्दाच्या आकारावरून ओळखत असणार. पेपर स्वच्छ, अक्षर गोल, एकही खाडाखोड नाही.

वर्गात अशी अकरा मुलं निघाली.

“पहिलंच वर्ष आहे,” मुख्याध्यापक काळूराम गुरुजी म्हणाले होते. त्यांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. “वरून कागद मागतात, कागद द्यायचे. खुणा करून टाका, बाई. मुलांना हळूहळू येईलच. आणि पालकांना त्यातलं काय कळतंय?”

काल संध्याकाळी बाईंनी दहा मुलांच्या रकान्यात खुणा केल्या. अकराव्या, वनिताच्या पत्रकाशी पेन अडलं. त्यांनी ते टोपण लावून ठेवून दिलं, घरी गेल्या, भाकऱ्या केल्या, सासूबाईंच्या पायाला तेल लावलं. पण कुठेही त्यांना धड बसवेना.

आता पालक मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया, लूमवरचे पुरुष, पुढच्या बाकावर शकिला. तिच्या नवऱ्याचे, अब्दुलचे, घराखालीच चार लूम होते, आणि मुलगी साजिदा मराठीच शिकली पाहिजे असा तिचा हट्ट होता. मागच्या भिंतीला टेकून वनिताचे वडील दौलत उभे होते. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता.

बाईंनी समजावलं. एकदा पुस्तकी भाषेत, मग साध्या.

“पण नंबर कितवा, ते कुठं लिवलंय?” एका बाईनं विचारलं.

“नंबर आता नाही. एकाचं दुसऱ्याशी बघायचं नाही. प्रत्येकाचं वेगळं.”

“आणि नापास?”

“नापास पण नाही.”

बाकांवर कुजबुज झाली. एक जण हिंदीत म्हणाला, “फेल का डर नहीं, तो बच्चा पढ़ेगा काय को?” चार-पाच माना हलल्या. बाई पुन्हा फळ्याकडे वळल्या, खडू उचलला, काही न लिहिता ठेवला. दाराशी गुरुजी घड्याळ बघत होते.

मागून दौलत बोलले. मोठ्यानं नाही.

“कापडाचा ताका तपासतात तसं हाय ते. पूर्वी आख्ख्या ताक्यावर शिक्का मारायचे, पास न्हायतर रद्दी. आता कुठं धागा तुटलाय, त्या जागंवर खूण करायची. आसंच ना, बाई?”

“असंच,” बाई म्हणाल्या. “फक्त इथे चांगल्या जागी खूण असते. जिथे खूण नाही, तिथे तुटलंय.”

लोकांना ते पटलं. कितीतरी माना एकदम हलल्या. बाईंनी दौलतकडे पाहिलं, तर ते जमिनीकडे पाहत होते.

पत्रकं वाटायला सुरुवात झाली. बाई नाव पुकारत, पालक येई, सही करी किंवा शाईच्या पॅडवर अंगठा टेकवी. त्या दहा पत्रकांच्या वेळी बाई भरभर बोलत. “छान आहे, लक्ष ठेवा.” शकिलानं साजिदाचं पत्रक घेतलं, सगळ्या खुणा मोजल्यासारखं बोट फिरवलं आणि हसून ती बाहेर गेली. वनिताचं पत्रक बाई प्रत्येक वेळी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवत राहिल्या. शेवटी ते एकटंच उरलं. वर्गात दौलतही एकटेच उरले.

“बसा, दौलतभाऊ.”

ते पुढच्या बाकावर बसले. खिडकीतून मैदान दिसत होतं. वनिता दोन मुलींबरोबर लंगडी घालत होती.

“तिसरा नंबर गेला म्हनायचा आता,” दौलत म्हणाले. त्यात चेष्टा होती की नाही, ते कळत नव्हतं.

बाईंनी पत्रक समोर ठेवलं. रकाना अजून मोकळा होता. पेन हाताशी होतं. एक खूण केली की हा माणूस उठून घरी जाणार होता, बायकोला, राहीबाईला सांगणार होता आणि पुढच्या जूनमध्ये वनिता पाचवीला दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या शिक्षकांच्या हाताखाली जाणार होती. बाईंनी पेन उचललं आणि खणात टाकून खण लावून घेतला.

“वनिताला वाचता येत नाही,” त्या म्हणाल्या.

दौलत बाकाकडेच पाहत राहिले. बाईंना वाटलं, ऐकू गेलं नसेल. लूमवर वीस वर्षं काढलेल्या माणसांना कमी ऐकू येतं.

“दौलतभाऊ, तिचं पाठांतर फार चांगलं आहे. पण नवा कागद समोर ठेवला, तर तिला अक्षरं जुळवता येत नाहीत.”

“मला म्हाईत हाय.”

“कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“औंदा चैतात वापीवरनं पत्र आलं व्हतं. आक्काचं. माजी थोरली बहीन, तिकडं दिलेली.” दौलत बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. “आमच्यात वाचनारी वनिताच. मी म्हनलं, वाच. तिनं वाचलं. आमी सगळी खुशाल हाव, तुमची खुशाली कळवा. लई ग्वाड वाचलं. राहीनं दोनदा वाचून घेतलं. मंग मी पत्र खुटीला लावून टाकलं.”

“आणि?”

“आक्काचं पोटाचं आपरेशन व्हतं. मला बोलावलं व्हतं तिनं. तारीख लिवलेली. दीड म्हयन्यानं गावचा मानूस भेटला, तवा कळलं. जगली ती. पन यंदा राखी न्हाय धाडली.”

मैदानात कोणीतरी बाद झालं होतं, पोरी भांडत होत्या.

“वनिताला काही बोललात?”

“काय बोलू? ती घाबरली व्हती म्हनून मनाचंच ‘खुशाल’ वाचलं. मी पाटीवरची नावं वाचाया लावली, औषदाच्या बाटलीवरचं वाचाया लावलं. दुकान वळखीचं आसलं तर सांगती. नसलं तर म्हनती, बाबा, तहान लागली.”

“मग शाळेत का नाही आलात?”

दौलतनी पहिल्यांदा वर पाहिलं.

“बाई, तुमी तिसरा नंबर लिवला व्हता. दोन वर्सं. मी आंगठा टेकवनारा मानूस. तुमच्या लिवन्याच्या म्होरं माजं काय खरं धरनार?”

गळ्याशी आलेलं सगळं, प्रश्नोत्तरं सगळेच लिहून देतात, वर्गात त्रेचाळीस मुलं आहेत, हे सगळं त्यांनी गिळलं.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या.

दौलतनी ‘नाही’ म्हटलं नाही. ‘असू द्या’ही म्हटलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली, एखादा हिशोब पटावा तशी.

“मघा लोक म्हनत व्हते, नापास न्हाय तर भ्या न्हाय. मला भ्या दुसरंच वाटलं. कुनीच नापास न्हाय, तर आता हिला येत न्हाय ह्ये कोन सांगनार? तुमी काय लिवता, तेवडंच बघाया थांबलो व्हतो मी.”

बंद खणाकडे बाईंची नजर गेली.

“म्होरं काय करायचं?” दौलतनी विचारलं.

“रोज शाळेच्या आधी अर्धा तास पाठवा. मी पहिल्यापासून घेते. अक्षरांपासून.”

“दिवाळीच्या सुट्टीत?”

सुट्टीत बाई माहेरी, वळ गावी जायच्या होत्या. भावाला तसं कळवूनही झालं होतं.

“सुट्टीत पण,” त्या म्हणाल्या. “घरी पाठवा.”

“तिला हिथं सगळ्यांम्होरं काय बोलू नका. मी सांगतो तिला, माज्या पद्धतीनं.”

त्यांनी पॅडवर अंगठा दाबला. बाईंनी सहीची जागा दाखवली. अंगठा उमटवून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मोकळी जागा कंची?” बाईंनी ओळ दाखवली. दौलतनी त्या ओळीवर नजर टेकवली, पत्रकाची काळजीपूर्वक दोनदा घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवलं.

दारात ते थबकले. बाजूला होऊन त्यांनी कोणाला तरी वाट दिली.

शकिला होती. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी, कांड्या भरणाऱ्या बाया. त्या गेल्याच नव्हत्या. व्हरांड्याच्या खांबाशी गप्पा मारत थांबल्या असाव्यात, आणि शाळेच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. नेहमीची खटखट असती, तर एक शब्द बाहेर गेला नसता.

“बाई,” शकिला म्हणाली. मघाचं हसू तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. “आमच्या साजिदाच्या कागजावर सगल्या खुणा हायत.”

“हो.”

“मी पण शिकलेली नाय. मला सच्ची सांगा.” तिनं ओढणी सारखी केली. “त्या खुणा बघून केल्यात का?”

मागच्या बाया हलल्या नाहीत. एकीनं आपलं पत्रक छातीशी धरलं होतं, दुसरीनं ते उलटं धरलं होतं. दौलत व्हरांड्यात उभे राहून वनिताला हाक मारत होते आणि ती आणखी एक डाव मागत होती.

बाईंच्या मनात एकदम पुष्कळ गोष्टी आल्या. उद्या गुरुजी बोलतील. वर पाठवायचे आकडे बदलतील. चाळीत बोललं जाईल, या बाई खोट्या खुणा करतात. आणि ते खरंच असेल.

काळूराम गुरुजी कुलूप घेऊन दाराशी आले.

“चला, बाई,” ते म्हणाले. “साडेपाच झाले. सगळे कागद वाटून झाले ना?”

बाईंनी खण उघडला. पेन बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि खोडरबर शोधायला लागल्या. मग आठवलं, खुणा शाईनं केल्या होत्या.

“नाही, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “माझे दहा राहिलेत.”

“दहा?” गुरुजींनी विचारलं, आणि लगेच त्यांना कळलं. ते बायकांकडे पाहून पुन्हा बाईंकडे पाहायला लागले. कुलूप हातातच राहिलं.

“दहा,” बाई म्हणाल्या. त्यांनी शकिलासाठी बाक पुढे ओढलं. “बसा. साजिदा कुठे आहे? तिला बोलवा. तुमच्यासमोरच वाचू दे.”

शकिला बसली. तिनं पत्रक टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी त्याच्या सुरकुत्या सपाट केल्या.